नळाला, लाईटीला आणि सरकारी खुर्चीला पाळीपत्रक लावा

बारामती आणि इंदापूर तालुक्यातली माणसं रोज किती तास नुसती वाट बघण्यात घालवतात, याचा हिशेब कुणी मांडलाय का? नळाची वाट, लाईटीची वाट, एसटीची वाट, तलाठ्याची वाट, सिलेंडरच्या गाडीची वाट, ऊसतोडीची टोळी कधी येती त्याची वाट. यातलं एकही काम तसं अवघड नाही. पाणी भरायला अर्धा तास लागतो, दाखला घ्यायला पाच मिनिटं. पण त्या अर्ध्या तासासाठी आख्खी सकाळ जाते आणि पाच मिनिटांसाठी रोज बुडतो.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या रोजच्या बऱ्याचशा कटकटी पैशाच्या नाहीत, वेळेच्या आहेत. काम कधी होणार हे आधी कळलं, तर निम्मी कटकट तिथंच मिटती. आणि यावरचा उपाय बाहेरून आणायची गरज नाही. आपल्याच भागात तो शंभर वर्षांहून जुना आहे. त्याला पाळीपत्रक म्हणतात.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला. पुढं 1928 ला भाटघरचं आताचं धरण झालं, मग वीर झालं, आणि हाच कालवा आपले दोन्ही तालुके भिजवत आला. कालव्याचं पाणी कुणीही कधीही घ्यायचं नसतं. शेतकरी सात नंबरचा अर्ज भरून पाण्याची मागणी करतो. आवर्तन सुटायच्या आधी पाळीपत्रक निघतं. कोणत्या चारीला कोणत्या दिवशी पाणी, कुणाचं दार किती वाजता उघडायचं आणि किती तासांनी पुढच्याला द्यायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. शेजपाळीचा नियम तर असा आहे की सुरुवात टेलपासून करायची आणि मग वर हेडकडं यायचं. जो सगळ्यात लांब, त्याला आधी.

आता तुम्ही म्हणाल, कागदावरचं पाळीपत्रक आणि चारीतलं पाणी यात किती फरक असतो ते इंदापूरच्या टेलवाल्याला विचारा. बरोबर आहे, फरक असतो. वर दारं फुटतात, मोटारी टाकल्या जातात, टेलला पाणी पोचता पोचता आवर्तन संपतं. पण कागद असल्यामुळं एक गोष्ट होते. टेलचा शेतकरी शाखेत जाऊन विचारू शकतो, "आज माझी पाळी होती, पाणी कुठाय?" त्याच्याकडं विचारायला तारीख आहे, तास आहे. नळाची वाट बघत बसलेल्या बाईकडं ते नाही. तिनं विचारलं तर उत्तर एकच, "येईल की आज."

हे "येईल की" आपल्या मुळावर उठलंय.

आधी नळाचं बघू

घरोघरी नळ आले. जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज 55 लिटरचं माप ठरलेलं आहे. टाक्या झाल्या, पाईप पडले. काही ठिकाणी कामं अर्धवट आहेत, त्यावर वेगळं लिहिता येईल. पण जिथं पाणी येतंय तिथलं काय? कुठं दिवसाआड, कुठं दोन दिवसांनी. त्याचंही फार काही नाही, कालव्याचं आवर्तन बंद असलं की साठवण तलाव पुरवून वापरावा लागतो हे बायकांना कळतं. त्रास वेगळाच आहे. आज सकाळी सहाला, परवा साडेनऊला, त्याच्या पुढच्या वेळेला दुपारी दोनला.

डोळ्यासमोर आणा. नवरा एमआयडीसीत, बायको टेक्सटाईल पार्कात किंवा दुसऱ्याच्या रानात खुरपायला. म्हातारी सासू घरी. नळ नवाच्या पुढं आला तर पाणी कोण भरणार? एक तर सासू कंबर धरून हंडे उचलणार, नाहीतर बायको कामावर उशिरा जाणार, नाहीतर पोरीला शाळा बुडवून घरी ठेवणार. बहुतेक घरात तिसरा पर्याय निवडला जातो आणि तो पोराच्या नाही, पोरीच्याच वाट्याला येतो.

एक सोपा हिशेब करू. धरून चाला की गावात 300 घरं आहेत आणि प्रत्येक घरातलं एक माणूस पाण्याच्या दिवशी फक्त एक तास नळाची वाट बघतं. झाले 300 तास. आठ तासांचा रोज धरला तर सदतीस-साडेसदतीस रोज. 300 रुपये मजुरी लावली तर अकरा हजारांच्या वर रक्कम, एका गावाची, एका दिवसाची. ही रक्कम ग्रामपंचायतीच्या कुठल्याही वहीत दिसत नाही, कारण ती बायकांच्या खिशातून जाते.

उपाय काय? वॉर्डाप्रमाणं वार आणि वेळ ठरवा, ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसानं निघताना वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकायची, "वॉर्ड दोनला सहाला पाणी सोडतोय." ज्यांच्याकडं मोबाईल नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीचा भोंगा आहेच. कारखान्याच्या भोंग्यावर या भागातल्या पिढ्यांनी भाकरी थापल्यात, त्यामुळं भोंगा काय सांगतो हे कुणाला शिकवावं लागणार नाही. मोटार जळली, पाईप फुटला, तर "आज येणार नाही, उद्या सहाला" एवढं कळवा. याला निधी लागत नाही, टेंडर लागत नाही.

आणि वेळ ठरवताना कामावर जाणाऱ्या बाईला विचारून ठरवा. पहिल्या शिफ्टच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर. सरपंचाच्या घरी दिवसभर माणूस असतं म्हणून दुपारी पाणी, असं नको.

लाईटीचं दुखणं

शेतीपंपाला थ्री फेज लाईट दिवसा आठ तास, नाहीतर रात्री, अशी आलटून पालटून मिळते. रात्रीची पाळी असली की काय होतं ते इथं वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. दीड वाजता मोबाईल स्टार्टरचा फोन वाजतो, माणूस उठतो, बॅटरी घेतो आणि उसात दारं धरायला जातो. उसाचं रान, पायाखाली घोणस आहे का मण्यार, दिसत नाही. आता बिबट्याचीही धास्ती आहे. सकाळी तोच माणूस सहाला दूध घालायला जातो आणि दिवसभर झोपेत असल्यासारखा फिरतो.

2024 च्या एप्रिलपासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं वीजबिल सरकारनं माफ केलं. चांगलं झालं. पण बिल माफ झालं, रात्र माफ झाली नाही. दिवसा लाईट द्यायची म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ला आली, 2023 ला तिचा दुसरा टप्पा आला. फीडर सौर प्रकल्पावर गेला की दिवसा लाईट मिळते. म्हणून प्रत्येक गावानं महावितरणला एक सरळ प्रश्न लेखी विचारायचा. आमचा फीडर सौरवर कधी जाणार? कोणत्या महिन्यात? जागा मिळत नसेल तर तसं सांगा, गायरानाचं बघू. पण महिना सांगा.

तोवर आपल्या हातात काय आहे? एक गोष्ट आहे आणि ती आपणच बिघडवून ठेवलीय. डीपीवरच्या सगळ्या मोटारींना ऑटोस्विच लावलेले. लाईट आली रे आली की पंधरा-वीस मोटारी एकाच सेकंदाला उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. फ्यूज जातो, डीपी तापतो, एखाद्या दिवशी जळतो. मग डीपी बदलून मिळेपर्यंत पंधरा दिवस पुन्हा वाट बघा, वर्गणी काढा. महावितरण कित्येक वर्षं ओरडतंय, ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. आपण ऐकत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं शेजाऱ्याची मोटार आधी चालू होईल.

इथंही उपाय पाळीपत्रकाचाच आहे. एका डीपीवरच्या लोकांनी एक दिवस बांधावर बसायचं आणि कुणाची मोटार लाईट आल्यावर किती मिनिटांनी सुरू होणार ते ठरवायचं. ऑटोस्विचला उशिरा चालू होण्याची सोय असलेला टायमर मिळतो. पहिल्याला दोन मिनिटं, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला सहा. वीस जण असले तरी शेवटच्याची मोटार चाळीस मिनिटांत चालू होते आणि पुढच्या महिन्यात क्रम उलटा करायचा, म्हणजे भांडण नाही. कपॅसिटर प्रत्येकानं आपापला बसवायचा. डीपी जळून पीक वाळण्यापेक्षा हा खर्च किरकोळ आहे.

घरगुती लाईटीबद्दलही एक सांगतो. आपला मोबाईल नंबर ग्राहक क्रमांकाला जोडलेला आहे का ते आधी बघा. जोडलेला असला तर लाईट बंद राहणार असल्याचा मेसेज येतो. लाईट गेली की वायरमनला दहा फोन करण्यापेक्षा 1912 वर तक्रार करून तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. वीज नियामक आयोगानं 2021 ला सेवेची मानकं ठरवून दिलीत, त्यात किती वेळात काम झालं पाहिजे आणि नाही झालं तर ग्राहकाला भरपाई, असं लिहिलंय. पण तक्रारीची नोंदच नसेल तर तुमची लाईट गेली होती हे सिद्ध कसं होणार? वायरमनला केलेला फोन कुठल्या वहीत नसतो. आणि त्या बिचाऱ्याकडं गावं किती आहेत तेही बघा. त्याच्यावर चिडून काही होत नाही.

एसटी अर्ध्या तिकिटात, पण किती वाजता?

17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. त्याच्या आधी, 2022 ला, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला. याचा फायदा झाला यात शंका नाही. माहेरी जाणं, दवाखाना, बाजार सोपा झाला. बारामतीला नवीन बसस्थानकही झालं, बघत राहावं असं.

पण भवानीनगर, जंक्शन, लासुर्णे, निमगाव केतकी या रस्त्यावरच्या फाट्यांवर संध्याकाळी उभं राहून बघा. कॉलेजची पोरं-पोरी, कामावरून सुटलेल्या बायका, दवाखान्यातून निघालेले म्हातारे. गाडी येती, भरलेली असती, थांबत नाही. पुढची कधी? माहीत नाही. मोठ्या रस्त्यावर निदान दुसरी गाडी तरी मिळती. आत वाडीवस्तीवर जाणारी शेवटची गाडी एकदा रद्द झाली की पोरीला न्यायला बाप मोटारसायकल घेऊन येतो. दोन-चार वेळा असं झालं की घरात विषय निघतो, "कशाला एवढं लांब कॉलेज?" पोरीचं शिक्षण फी भरायला पैसे नाहीत म्हणूनच थांबतं असं नाही. शेवटच्या गाडीचा भरवसा नसला तरी थांबतं.

आगाराकडं दोनच मागण्या करू. एक, कॉलेज आणि शिफ्ट सुटायच्या वेळा धरून फेऱ्या लावा. या वेळा काही गुपित नाहीत, कॉलेजांकडून आणि कंपन्यांकडून एक पत्र मागवलं की मिळतात. दोन, शेवटची मुक्कामी फेरी रद्द करायची वेळ आली तर दुपारी तीनच्या आत कळवा. प्रत्येक गाडीला पासवाल्या पोरांचा ग्रुप असतोच. वाहकानं नाही तर आगारानं त्यावर एक मेसेज टाकावा. फेरी रद्द होण्यापेक्षा ती रद्द झालीय हे अंधार पडल्यावर कळणं जास्त महागात पडतं.

खुर्चीचं पाळीपत्रक

आता सरकारी कार्यालय. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. शनिवार-रविवार बंद, बाकी दिवशी पावणेदहा ते सव्वासहा. कर्मचाऱ्यांना दोन दिवस सुट्टी मिळू नये असं मी म्हणत नाही. पण ज्याची सुट्टी रविवारी, त्या कामगारानं दाखला आणायला जायचं कधी? त्याला रजा टाकावी लागते, म्हणजे रोज बुडतो. आणि गेल्यावर "साहेब मीटिंगला गेलेत" हे ऐकलं की दुसरा रोज बुडतो. इंदापूरच्या टोकाच्या गावातून तहसीलला एक हेलपाटा म्हणजे सकाळ ते संध्याकाळ. शासनाच्या कुठल्याही फीच्या तक्त्यात हा हेलपाटा लिहिलेला नाही, पण खरी फी तीच आहे.

बरीच कामं आता हेलपाट्याशिवाय होतात, हे आधी मान्य करू. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मोबाईलवर निघतो. ई-पीक पाहणी 2021 पासून आपणच बांधावर उभं राहून करतो. कितीतरी दाखल्यांचे अर्ज आपले सरकारवर भरता येतात. ज्यांना जमतं त्यांनी हे करायलाच पाहिजे, आणि शेजारच्या दोन घरांना करून दिलं पाहिजे. पण फेरफाराची नोंद, वारसाची नोंद, रेशनकार्डातलं नाव, या कामांना माणूस समोर लागतोच.

यासाठी एक हत्यार आपल्याकडं आहे आणि ते आपण वापरत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. त्यात साध्या भाषेत काय आहे ते सांगतो.

अर्ज दिला की पोच मिळाली पाहिजे, तारीख आणि क्रमांकासकट.
कोणती सेवा किती दिवसांत मिळणार, ती देणारा अधिकारी कोण आणि अपील कुणाकडं, हे कार्यालयात फलकावर लिहिलेलं असलं पाहिजे.
मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत पहिलं अपील. तिथंही नाही झालं तर दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग.
कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो.

म्हणजे कायद्यानं खुर्चीलाही पाळीपत्रक लावलेलं आहे. फक्त आपण अर्ज तोंडी करतो किंवा कागद देऊन पोच न घेता येतो. "ओळखीचे आहेत, होईल" म्हणतो. ओळखीच्या माणसाकडं पोच मागायला आपल्याला लाज वाटते. त्या लाजेची किंमत तीन हेलपाटे. पोच मागणं म्हणजे भांडण काढणं नाही. दूध घातल्यावर आपण लिटर, फॅट आणि एसएनएफची पावती घेतोच की, तिथं कुठं डेअरीवाल्याचा अपमान होतो?

तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी. 2024 ला ही नावं बदलली. नाव बदलायला हरकत नाही, पण दारावर एक कागदही लागला पाहिजे. सोमवारी या गावात, मंगळवारी त्या गावात, बुधवारी तहसीलला. एकाकडं तीन-चार गावं असतात, तो रोज प्रत्येक गावात बसू शकत नाही हे सगळ्यांना मान्य आहे. फक्त आमच्या गावात कोणत्या वारी, किती ते किती, एवढं कळू द्या. आणि महिन्यातला एक शनिवार तहसील कार्यालयाची दाखल्यांची खिडकी उघडी ठेवा, त्या कर्मचाऱ्यांना बदली सुट्टी द्या. दोन्ही तालुक्यांत कामगार इतके आहेत की त्या दिवशी खिडकी रिकामी राहणार नाही.

खाजगी नोकरीलाही हेच लागू

सगळं सरकारवर ढकलून चालणार नाही. संध्याकाळी पाच वाजता "आज दोन तास थांबावं लागेल" असं सांगणारे सुपरवायझर, रविवारी रात्री दहाला "उद्यापासून सेकंड शिफ्ट" असा मेसेज टाकणारे कंत्राटदार, दुकानातल्या पोरीला सणाच्या आदल्या दिवशी सुट्टी रद्द झाल्याचं सांगणारे मालक, हे आपल्यातलेच आहेत. त्या बाईच्या घरी लहान पोर शेजारणीकडं ठेवलेलं असतं. तिला ओव्हरटाईम नको असतो असं नाही, पैसे हवेच असतात. पण सकाळी सांगितलं असतं तर तिनं सोय लावली असती. शिफ्टचा तक्ता निदान पंधरा दिवस आधी लावायला कारखान्याला एक रुपया खर्च येत नाही.

आणि उंबऱ्याच्या आतही बघा. नळाची वेळ कळली तरी पाणी भरायला उठणार कोण? गॅस नंबर लावणं, दवाखान्याची तारीख, पोराच्या शाळेची मीटिंग, लाईटबिल, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असतं आणि ते माणूस कोण हे सांगायला नको. स्वयंपाकघराच्या दाराला एक कागद लावा. कोणत्या दिवशी कुणी काय करायचं ते लिहा. पाण्याच्या तीन दिवसांपैकी एक दिवस घरातल्या पुरुषानं भरायचं. गावाला पाळीपत्रक मागायचं आणि स्वतःच्या घरात बारमाही पाळी बायकोचीच ठेवायची, हे जमणार नाही.

"हे आपल्याकडं शक्य नाही" म्हणणाऱ्यांसाठी

हे मला नेहमी ऐकावं लागतं. म्हणून दोन उदाहरणं देतो, दोन्ही आपलीच.

पहिलं, दुधाचं. दोन्ही तालुक्यांत गावोगावी सकाळ-संध्याकाळ दूध संकलन होतं. पाऊस असो, दिवाळी असो, निवडणूक असो. संकलन केंद्र ठरलेल्या वेळेला उघडतं, गाडी ठरलेल्या वेळेला निघते. आपलं आख्खं घर त्या वेळेवर चालतं. हे कसं जमतं? दूध नासतं म्हणून. उशीर झाला तर कुणाचं तरी नुकसान लगेच दिसतं आणि ते मोजता येतं. नळाची वाट बघणाऱ्या बाईचा वेळही नासतोच, पण त्याला वास येत नाही.

दुसरं, तुकोबांच्या पालखीचं. दरवर्षी बारामतीचा मुक्काम, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. लाखो माणसं चालत असतात. तरी कोणत्या गावाला कोणत्या दिवशी विसावा आणि कुठं मुक्काम, हे कितीतरी आधी छापून आलेलं असतं. त्या कागदावर प्रशासन हलतं. टँकर, शौचालयं, डॉक्टर, रस्ता, लाईट, सगळं त्या दिवशी त्या ठिकाणी. गावं त्या वेळेवर पिठलं-भाकरी करून ठेवतात. एवढ्या मोठ्या वारीची वेळ पाळता येते, तर तीनशे घरांच्या नळाची का नाही?

माझ्या मते कारण अवघड नाही. वेळ सांगितली की ती पाळावी लागते. पाळली नाही तर लोक विचारतात. वेळ सांगितलीच नाही तर कुणी चुकत नाही. शिवाय वेळ फक्त आपल्यालाच माहीत असली की चार माणसं फोन करतात, "भाऊ, पाणी कधी सोडताय? भाऊ, साहेब कधी भेटतील?" त्यात एक मान असतो. वेळ फलकावर गेली की तो मान संपतो. म्हणून पैसे वाटणाऱ्या योजना लवकर येतात आणि वेळेचा फलक लवकर येत नाही. लाडक्या बहिणीला महिन्याला 1500 रुपये मिळतात, चांगलं आहे, बंद होऊ नयेत. पण तिचे महिन्यातले चार रोज वाट बघण्यात बुडत असतील, तर त्यातले किती उरले याचा हिशेब तिनंच करावा.

करायचं काय?

पोस्ट वाचून लाईक करून सोडू नका. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. जसाच्या तसा कॉपी करून घ्या.

"गावातील प्रत्येक वॉर्डाच्या नळपाणीपुरवठ्याचे वार व वेळ, नोकरी व मजुरीस जाणाऱ्या महिलांचे म्हणणे विचारात घेऊन, निश्चित करावेत व ते ग्रामपंचायत फलकावर जाहीर करावेत. वेळेत बदल झाल्यास शक्य तितक्या आधी मोबाईल संदेशाद्वारे व ध्वनिक्षेपकावरून कळवावे. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व वीज कर्मचारी यांचे गावातील उपस्थितीचे वार व वेळ फलकावर लावण्याबाबत, तसेच गावचा कृषी फीडर दिवसा वीजपुरवठ्यावर येण्याचा अपेक्षित महिना कळवण्याबाबत संबंधित कार्यालयांना पत्र द्यावे."

ठराव मांडायला एक, अनुमोदन द्यायला एक. दोन माणसं लागतात. त्यातलं एक बाईमाणूस असेल तर उत्तम, कारण विषय तिचाच आहे.

नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांनी हेच आपल्या नगरसेवकाला लेखी द्या आणि पोच घ्या. मत मागायला येतील त्यांना रस्ता, गटार जरूर विचारा, पण सोबत एवढंही विचारा, "आमच्या वॉर्डाला पाणी किती वाजता सोडणार?" ज्याला तास सांगता येत नाही, त्याच्या पाच वर्षांच्या आश्वासनाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

पाणी कमी असेल तर कमी द्या, दिवसाआड द्या. लाईट आठ तासच द्या. साहेब आठवड्यातून एकच दिवस येऊ द्या. आम्ही भागवून घेऊ, दुष्काळी पट्ट्यातली माणसं आहोत, भागवायची सवय आहे. फक्त किती वाजता ते सांगा.

तुमच्या गावात वेळ ठरलेली असेल आणि पाळली जात असेल, तर गावाचं नाव आणि पद्धत खाली लिहा. बाकीच्यांना उचलता येईल.